आत नको

अत्ता या प्राकृत शब्दाचे जुने कोशकार चार अर्थ देतात: आई, वडिलांची बहीण, सासू आणि मैत्रीण. आमच्या कोशाच्या कचेरीत हा शब्द माझ्या टेबलावर आला तेव्हा मला वाटलं, कोणीतरी चार नोंदी चुकून एकीत घातल्या आहेत. मी भौतिकशास्त्र शिकलेली. एका चिन्हाचा एकच अर्थ असावा, निदान एका पानावर तरी, ही माझी सवय. संपादकांना तसं म्हटलं तर ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमच्या घरात बायका किती होत्या?"

मी म्हटलं, आजी लवकर गेली, मग दोनच. आई आणि आत.

"मग आठवून बघा, त्या दोघी एकमेकींच्या कोण कोण होत्या."

मी आठवलं नाही. कामाला लागले.

कचेरीत मला घेतलं होतं ते आवाज मोजायला. शब्दाचा उगम आणि त्याची बोलींमधली रूपं भाषेची माणसं बघतात. माझ्याकडे ध्वनिमुद्रण येतं आणि मी त्यातला स्वर किती लांब, व्यंजन किती घट्ट, हवा नाकातून जाते की नुसती तोंडातून, हे पडद्यावर बघून सांगते. रुजू झाले तेव्हा मला यात गोडी वाटेल असं वाटलं नव्हतं. मग कोणीतरी सत्त आणि सात हे दोन शब्द शेजारी लिहून दाखवले. हत्थ आणि हात. कम्म आणि काम. अज्ज आणि आज. प्राकृतातल्या जोडव्यंजनातलं एक गळतं आणि मराठीत येताना त्याचा वेळ आधीचा स्वर घेतो. काही हरवत नाही, फक्त सरकतं. मला तो नियम एकदम ओळखीचा वाटला, आमच्या विषयातल्यासारखा. अत्तामधला एक त गेला, आधीचा अ लांबला, शेवटचा स्वर झडला, की उरतं आत. बहुतेक लोक आत्या म्हणतात, काही आते म्हणतात. नुसतं आत म्हणणारी घरं थोडी, आणि कचेरीकडे त्या रूपाचं एकही ध्वनिमुद्रण नव्हतं.

"आम्ही आतच म्हणतो," मी म्हटलं.

संपादक म्हणाले, तुमचा आवाज नको, तुम्ही मोजलं जाणार म्हणून शहाण्यासारखं बोलाल. वयाचं माणूस आणा.

वयाचं माणूस एकच होतं, आणि ते आमच्या घरी येत नव्हतं.

माझी आत शिवणकाम करते. तिचं दुकान आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, दोन इमारतींच्या मधल्या बोळात. नवीन कपडे ती थोडेच शिवते. कोट सैल करणं, पॅंट कमी करणं, वारलेल्याचा शर्ट मुलाच्या मापाला बसवणं, असलं काम. लग्न तिने केलं नाही. आई लग्न होऊन घरात आली तेव्हा या दोघी एकाच वयाच्या, आणि बाबा म्हणायचे की बायको मी आणली पण मिळाली बहिणीला. माझ्या जन्मानंतर आईनेही तिला माझ्याच शब्दाने हाक मारायला सुरुवात केली. नावाने कोणी बोलवायचंच नाही. आत आली, आत जेवली, आतला विचार. पुढे तिने आमच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला वेगळी खोली घेतली, तरी येणं-जाणं रोजचं.

मग आई आजारी पडली. मी तेव्हा दूर वसतिगृहात होते, सुटीला यायचे. सुरुवातीला आत रोज दुकान बंद करून आईपाशी बसायची. आणि काही आठवड्यांनंतर यायची थांबली. भांडण नाही, कारण नाही. बाबांनी एकदा फोन केला तेव्हा, खूप काम आहे, जमत नाही, एवढंच म्हणाली. बाबा बरं म्हणाले आणि फोन ठेवला. दोघं एकाच आईची लेकरं, मान वाकवायची नाही. पुढे आई गेली, तिला नेलं तेव्हा आत रस्त्याच्या पलीकडे उभी होती. ओलांडून आली नाही. तेव्हापासून बाबा तिचं नाव काढत नाहीत. वेळ आली तेव्हा पाठ फिरवली, हा घराचा निकाल. माझ्याशी तिचं बोलणं तुटलं नव्हतं, पण आटलं होतं. बोळाच्या तोंडाशी भेटलो तर बरी आहेस ना, जेवतेस ना, एवढंच.

म्हणून ध्वनिमुद्रणाचं निमित्त मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मला नोंदीपेक्षा तिच्याकडून दुसरंच काहीतरी हवं होतं. ती का आली नाही, ते.

दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा गेले. तिने माझ्या हातातलं यंत्र पाहिलं आणि म्हणाली, "आली मोजपट्टी." लहानपणापासून मला ती हेच म्हणते, कारण मी तिची मोजपट्टी घेऊन घरातल्या सगळ्यांची डोकी मोजत फिरायचे. मी काम सांगितलं. आत हा शब्द कुठून आला, कसा झाला. तिने सुईत दोरा ओवता ओवता ऐकून घेतलं. अत्ताचे चार अर्थ सांगितले तेव्हा म्हणाली, सासू पण? मग पगार वाढवून मागायला हवा.

दुकान ध्वनिमुद्रणाला उत्तम निघालं. भिंतीवर, छताला लावलेल्या दांडीवर कोट लटकलेले होते, त्यामुळे घुमत नव्हतं. कचेरीतल्या खोलीपेक्षा बरं. तिने पंखा बंद केला, दार लोटलं, मशीनवर आच्छादन टाकलं आणि स्टुलावर ताठ बसली, जणू पासपोर्टचा फोटो काढायचा आहे. मी म्हटलं, नेहमीसारखी बोल. ती म्हणाली, नेहमीसारखी बोलले तर तुझं यंत्र लाजेल.

मी सांगितलेले शब्द ती म्हणत गेली. सात. हात. आज. मग वाक्यं. आत आली. आतला बोलाव. मग, तुलना करण्यासाठी, दुसरा आत: आत कोणी नाही. पिशवी आत ठेव. मी पडद्यावर दोन्ही एकाखाली एक लावले. काही फरक नव्हता. स्वर तेवढाच, त तसाच.

"दोन्ही एकच की," ती पडद्यात डोकावत म्हणाली.

मी म्हटलं, तुझ्या तोंडी एकच. मुळात दोन वेगळे शब्द आहेत. नात्यातला आत अत्तावरून आला, घराच्या आतला आत अंतर् वरून. त्यात न होता. तो जाता जाता नाकात थोडा राहिला, म्हणून पूर्वी त्यावर टिंब देऊन आंत असं लिहीत. काही लोक अजून तसं म्हणतात, आँत, किंचित नाकातून. त्यांचे दोन शब्द वेगळे राहतात. आपल्या घरात टिंब गेलं, तर दोन्ही एकमेकांत मिसळले.

 आतने कात्री उचलून पुन्हा तिथेच ठेवली. मग म्हणाली, "तुझी आई म्हणायची तसं."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या आठवणीतली आई आमच्यासारखंच बोलते.

तुला आठवणार नाही, तू नव्हतीसच, असं म्हणून आतने सांगितलं. आई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बोलण्यात सगळीकडे नाक होतं. आँत ये, दाँत दुखतो, पाँच माणसं. आजी तिची नक्कल करायची, पाहुण्यांसमोर सुद्धा. सर्दी झाली का गं सुनेला, असं विचारायची. आई हसण्यावारी न्यायची आणि मग मोरीत जाऊन तोंड धुवायची. म्हणून आतने मनावर घेतलं. आजी झोपली की दोघी स्वयंपाकघरात बसायच्या. आत आईचं नाक चिमटीत धरायची आणि म्हणायची, आता म्हण. नाक धरूनही जे नीट ऐकू येतं ते बरोबर. दोघी हसून हसून लोळायच्या. काही महिन्यांत आईचं नाक सुटलं. आजीला नक्कल करायला काही उरलं नाही. "मी सुधारलं तिला," आत म्हणाली. त्यात अजूनही थोडा अभिमान होता.

यंत्र चालू होतं. मी ते बंद केलं आणि विचारलं, "तू यायची का थांबलीस?"

तिने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. इतकी वर्षं ते तयारच असावं.

"मी नाही थांबले. तुझ्या आईने नको म्हटलं."

मग सांगितलं. औषधांनी आईचे केस गळत होते. उशीभर केस बघून आईला रडू यायचं, म्हणून आतने एका संध्याकाळी सगळेच कापून टाकले. आपल्या हाताने, आपल्या कात्रीने. आईनेच हो म्हटलं होतं, पण आरसा बघितल्यावर ती बोललीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडली. आत आपल्या घरी आली आणि तिला रात्रभर वाटत राहिलं की आपण घाई केली. दुसऱ्या दिवशी तिने दुकान उघडलंच नाही. मऊ कापडाचा, समोरून बंदांनी बांधायचा झगा शिवला, म्हणजे आईला तो डोक्यातून घालावा लागणार नाही. त्याच कापडाचा उरलेला तुकडा घेऊन डोक्याला बांधायचा रुमाल केला. आणि दुपारी घेऊन गेली.

जिना चढून वर आली तर दार अर्धवट उघडं. तिने ढकलायला हात लावला आणि आतून आईचा आवाज आला: आत नको. कितीदा सांगू, आत नको. आणि बाबांचा: बरं बाई, नको तर नको.

"मी दारातच होते," आत म्हणाली. "हात दारावर होता माझा."

ती खाली उतरली. घरी जाऊन झगा उसवला. रुमालही.

मी आवाज मोजणारी. त्या क्षणी मला जे सुचलं ते सुचायला एवढं शिक्षण लागत नाही, पण मला ते पडद्यावर दिसावं तसं दिसलं. एकाखाली एक, दोन ओळी, काही फरक नाही. पण पुरावा नव्हता. आई काय म्हणाली ते ध्वनी कधीच विरून गेले होते. एका वाक्याचे दोन अर्थ निघतात म्हणजे दुसराच खरा, असं होत नाही. आणि दुसरा खरा असेल तर तो आतला सांगणं म्हणजे काय, हेही मला नीट कळत होतं. मी एवढंच म्हटलं की शब्द चांगले आले आहेत, एकदा पुन्हा येईन. तिने पंखा लावला.

घरी आले तर बाबा भाजी निवडत बसले होते. ते लिफ्ट दुरुस्त करतात. जिथे जातात तिथे लोक दोन मजल्यांच्या मधे अडकलेले असतात, त्यामुळे त्यांना कोणत्याही गोष्टीची घाई करता येत नाही असं आई म्हणायची. मी समोर बसून शेंगा सोलायला घेतल्या आणि आतचं नाव न घेता विचारलं की आईचे केस कापले त्याच्या दुसऱ्या दिवशी घरात काय काय झालं होतं.

त्यांना दिवस सांगून आठवेना. मग म्हणाले, "खाट आली ती त्या दिवशी."

दवाखान्यातल्यासारखी, डोक्याकडून वर उचलता येणारी लोखंडी खाट त्यांनी भाड्याने आणली होती. टेंपो खाली उभा होता, माणसं खाट उतरवत होती, आणि कुठे लावायची ते विचारायला बाबा वर आले. त्यांच्या मते आतली खोली बरी. शांत, अंधारी, झोप लागेल. आई ऐकेना. "आत नको, आत नको, एकच धोशा," बाबा म्हणाले. "बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशीच हवी म्हणे. रस्ता दिसतो, कोण येतंय ते कळतं. मी म्हटलं, बरं बाई, नको तर नको."

शेंग माझ्या हातात तशीच राहिली.

बाबांनी ते बघितलं. का विचारतेस, म्हणाले. मी सांगितलं. सगळं, क्रमाने, जसं कचेरीत सांगते तसं. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला सांगताच आलं नसतं. बाबांनी भाजीची सुरी खाली ठेवली.  मग म्हणाले, "दारापर्यंत आली होती?"

"हो."

"आणि मी फोनवर तिला बोलावलंसुद्धा नाही. म्हटलं, तिला कळायला नको का."

थोड्या वेळाने ते म्हणाले की तिला सांगू नकोस. मी म्हटलं, बाबा, तिला इतकी वर्षं वाटतंय की आईला ती नकोशी झाली. ते म्हणाले, मला समजतंय ते. पण आज तिच्याकडे निदान राग आहे. रागाने माणूस दुकान उघडतो, मशीन चालवतो. हे सांगितलंस तर राग काढून घेशील आणि हातात काय देशील? मी म्हटलं, खरं ते. बाबा हसले नाहीत, पण हसल्यासारखं काहीतरी केलं आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाट केव्हाच परत गेली आहे. तिच्या पायांनी फरशीवर पडलेले गंजाचे डाग तेवढे अजून आहेत.

आम्ही काहीच ठरवलं नाही. त्या आठवड्यात मी नोंदीचं काम केलं. संपादकांना ध्वनिमुद्रण आवडलं, स्वच्छ आहे म्हणाले. चौथ्या अर्थापुढे, मैत्रीण, त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह घातलं होतं: आजच्या कोणत्या बोलीत टिकला आहे का? मला काही लिहिता आलं नाही.

एक वाक्य मात्र पुन्हा ध्वनिमुद्रित करायला हवं होतं; मधेच बाहेर कोणीतरी गाडी सुरू केली होती. मी ते कारण धरून पुन्हा दुकानात गेले. न सांगण्याचं ठरवून गेले असं म्हणता येणार नाही, सांगण्याचं ठरवून तर नाहीच.

आत एका जुन्या कोटाचं अस्तर उसवत होती. मान वर केली नाही. यंत्र काढू नकोस, म्हणाली.

मी बसले. ती ब्लेडच्या टोकाने एकेक टाका तोडत होती आणि तुटलेले दोरे चिमटीने उचलून गुडघ्यावर ठेवत होती.

"त्या दिवशी खाली एक टेंपो उभा होता," ती म्हणाली. "मी त्याच्या बाजूने वर गेले. दोन माणसं होती. लोखंडी खाट होती, अर्धी बाहेर काढलेली."

मी यंत्राची पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"तू गेल्यापासून तेवढंच दिसतंय मला. इतकी वर्षं कधी आठवली नव्हती ती खाट." तिने टाका तोडला. "कुठे लावली होती?"

बाबांचं म्हणणं मला आठवत होतं. खोटं एकाच शब्दाचं होतं. आतल्या खोलीत, असं म्हटलं असतं की तिचं सगळं पहिल्यासारखं जागेवर राहिलं असतं. पण तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ती मोजपट्टीकडे बघत होती, भाचीकडे नाही. ज्या वस्तूने खोटं बोलायचं नसतं अशा वस्तूकडे बघावं तसं.

"बाहेरच्या खोलीत," मी म्हटलं.

"कुठे?"

"खिडकीपाशी."

तिने मान डोलावली. कोट मांडीवर पसरून अस्तराचा सुटलेला भाग हाताने सपाट केला, पुन्हा केला.

"आणि डोकं कुठल्या बाजूला?"

"रस्ता दिसेल असं."

"किती दिसतो?"

"कोपऱ्यापर्यंत. तू वळायचीस तिथपर्यंत."

बोळातून कोणीतरी आलं, दाराशी थांबलं, आमच्याकडे बघून नंतर येतो म्हणालं आणि गेलं. आतने ऐकलंही नसावं. मला वाटलं ती विचारेल, आई काही म्हणाली का, वाट बघायची का. माझ्याकडे त्याचं उत्तर होतं आणि ते मी दिलं असतं. तिने विचारलं नाही.

"बाबा येतो म्हणालेत," मी म्हटलं. हे खरं नव्हतं. ते तसं म्हणाले नव्हते. पण सकाळी मी निघताना त्यांनी दुकान केव्हा बंद होतं ते विचारलं होतं.

"येऊ दे," ती म्हणाली. "दादाचा काय दोष."

मग बराच वेळ ती दोऱ्यांचा छोटा गोळा करत राहिली, बोटांनी, तांदूळ चाळून खडा शोधावा इतक्या बारकाईने.

"मी तेव्हा मागच्या गल्लीने जायचे," ती म्हणाली. "दुकानातून घरी. लांब पडायचं, तरी."

मी विचारलं, का.

"तुमची खिडकी लागायला नको म्हणून."